मदत हवी आहे: बोगोटाहून युरोप. बिनव्हिसा कोण जाऊ शकतं, 90 दिवस कसे मोजायचे?

मोगरा_पुणे
भाऊ बोगोटात राहतो. 1 जून ते 10 जुलै 2026 माद्रिद, लिस्बन, रोम आणि मध्ये पाच दिवस लंडन असा बेत आहे. वहिनी आणि पुतण्या (वय 9) यांचे पासपोर्ट कोलंबियाचे. भावाचा भारतीय, तिथला रहिवासी परवाना आहे. वहिनीच्या आई क्विटोत असतात, त्यांचा इक्वाडोरचा. वहिनी यंदा 10 जानेवारी ते 20 मार्च स्पेनमध्ये बहिणीकडे होती. एजंट म्हणतो, दक्षिण अमेरिकेला व्हिसा लागत नाही आणि लंडनला जाऊन आलं की दिवस पुन्हा शून्यापासून. तिकिटं काढू का?

खलाशी
थांबा, काढू नका. एजंटची दोन्ही वाक्यं चूक आहेत.

शेंगेनची (युरोपातल्या एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटाची) सवलत खंडाला नाही, पासपोर्टला आहे. अर्जेंटिना, ब्राझील, चिली, कोलंबिया, पॅराग्वे, पेरू, उरुग्वे आणि व्हेनेझुएला एवढे आठच देश त्या यादीत आहेत. बोलिव्हिया, इक्वाडोर, गयाना, सुरीनाम यांना व्हिसा लागतो. म्हणजे आईंना लागणार आणि भावालाही. बायको कोलंबियन असल्याचा त्याला काही फायदा नाही. ती सूट युरोपीय नागरिकांच्या कुटुंबाला असते.

अर्ज जिथे राहतो तिथेच करायचा: भावाने बोगोटात, आईंनी क्विटोत. सर्वांत जास्त रात्री स्पेनमध्ये असतील तर स्पेनच्या वकिलातीत. फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. 15 दिवस आधी ही शेवटची मुदत आहे, पण तोवर थांबलात तर अपॉइंटमेंटच मिळायची नाही.

गणितमास्तर
दिवसांचं बघू. कॅलेंडरची सहामाही इथे चालत नाही. युरोपातल्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून 180 दिवस बघायचे. त्यात 90 पेक्षा जास्त भरता कामा नयेत. येण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजतात.

वहिनींचे जानेवारीत 22, फेब्रुवारीत 28, मार्चमध्ये 20, म्हणजे 70 झालेत. 1 जूनला गेल्या तर 20 जूनला 90 पूर्ण. 21 जूनपासून मुक्काम बेकायदा.

लंडनने शून्य होत नाही. ब्रिटन शेंगेनबाहेर आहे, म्हणून तिथले दिवस मोजले जात नाहीत, एवढंच.

आता गंमत बघा. 9 जुलैपासून जानेवारीचे जुने दिवस रोज एक असे गळायला लागतात, म्हणजे नवा दिवस चढला तरी बेरीज तिथेच राहते. 22 जूनला पोहोचल्या तर 8 जुलैला 70 + 17 = 87, आणि मग 31 जुलैपर्यंत 87 च. चाळीस दिवस पूर्ण मिळतात, वर तीन दिवस हाताशी. 19 जूनला पोहोचलं तरी कागदावर बसतं, पण मग नेमकं 90 होतं. एक दिवस आधी पोहोचलात तरी हुकलं.

शिक्का_मोर्तब
लंडन वगळाच. ब्रिटनने 26 नोव्हेंबर 2024 पासून कोलंबियनांना पुन्हा व्हिसा लावलाय. तुमच्या चौघांनाही वेगळा ब्रिटिश व्हिसा लागेल. पाच दिवसांसाठी एवढा उपद्व्याप कशाला?

पासपोर्ट युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांपेक्षा जुना नको. विमान कंपनी हे काउंटरवरच तपासते.

12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली: चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे. बारा वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे पुतण्याचा फक्त फोटो. वहिनींच्या मार्चमधल्या परतीची नोंद कुठे राहिली असेल, तर यंत्राला त्या अजून स्पेनमध्येच आहेत असं दिसेल. त्या विमानाचा बोर्डिंग पास आणि कोलंबियात परतल्याचा शिक्का जवळ ठेवा. माद्रिदला पुढचं विमान दीड तासावर घेऊ नका. पहिल्या नोंदणीची रांग लांबते.

मोगरा_पुणे
बापरे, बरं झालं विचारलं. तारीख 22 जून करते. वहिनी आणि पुतण्याला व्हिसा नाही, म्हणजे कागद काहीच नकोत ना? उतरणार बहिणीकडेच.

खलाशी
व्हिसा नसला तरी कागद लागतात, सीमेवरचा अधिकारी मागू शकतो. परतीचं तिकीट, मुक्कामाचा पुरावा आणि पैसे. स्पेनचा हिशोब माणशी रोज त्यांच्या मासिक किमान वेतनाच्या दहा टक्के. 2025 च्या दराने 118.40 युरो. 40 दिवसांचे माणशी 4,736. रोख नको, कार्ड आणि ताजं बँक स्टेटमेंट चालतं. हॉटेल नाही म्हणून ‘कार्ता दे इन्व्हितासिओन’, म्हणजे निमंत्रणपत्र, मागू शकतात. ते बहिणीने तिथल्या पोलीस ठाण्यात अर्ज करून काढायचं आणि मूळ प्रत बोगोटाला पाठवायची. घरी टाइप केलेल्या पत्राला किंमत नाही. वेळ लागतो, आजच सांगा तिला.

प्रवेश नाकारलाच तर छापील फॉर्म देतात, त्यावर कारणाचं अक्षर असतं. ‘ई’ म्हणजे प्रवासाच्या हेतूचे कागद नाहीत, ‘एफ’ म्हणजे 90 दिवस संपलेत, ‘जी’ म्हणजे पैसे अपुरे. अपील करता येतं, पण विमान त्याच्यासाठी थांबत नाही.

शिक्का_मोर्तब
एक राहिलं. ‘एटियास’ (व्हिसा न लागणाऱ्यांनी युरोपला जाण्याआधी ऑनलाइन काढायचा) परवाना काढून देतो म्हणणाऱ्या साइट्सना पैसे देऊ नका. ती पद्धत 2026 च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करायचं जाहीर झालंय, फी 20 युरो, अठराखालच्यांना माफ. जूनच्या प्रवासाला ती लागत नाही. आत्ता जो पैसे मागेल तो ठग.