ट्राम, गिरणीची चिमणी आणि भिंतीवरची अर्धवट घोषणा : हा रस्ता मुंबईतला नेमका कोणता?

माळ्यावरची ट्रंक :

नमस्कार. आमच्या घरच्या जुन्या कागदपत्रांत पोस्टकार्डाहून थोडे लहान असे एक कृष्णधवल छायाचित्र आहे. त्याच्या पाठीवर शाईने "काळबादेवी रोड" एवढेच लिहिलेले असून साल दिलेले नाही. अक्षर माझ्या थोरल्या आत्याचे आहे. आजोबा काळबादेवीला कापडाच्या पेढीवर कारकून होते, त्यामुळे या दोन शब्दांवर घरात आजवर कोणी शंका घेतली नाही. आता मोठ्या आकारात स्कॅन करून पाहिल्यावर मात्र मला ते पटेनासे झाले आहे.

चित्रात जे दिसते ते सांगतो. रस्ता रुंद आहे आणि त्यावर ट्रामचे दोन मार्ग आहेत. चित्राच्या उजव्या अर्ध्या भागातून एक दुमजली ट्राम आपल्या दिशेने येत आहे आणि तिच्या पाटीवरची शेवटची दोन अक्षरे "दर" अशी वाचता येतात. उजवीकडे लांबच लांब दगडी भिंत आहे. तिच्यामागे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर, त्या दात्यांच्या उभ्या बाजूला काचांच्या ओळी आणि त्याहीमागे एक उंच चिमणी. भिंतीवर चुन्याने रंगवलेली घोषणा आहे, तिच्यातली "हाराष्ट्र झालाच पा" एवढीच अक्षरे ट्रामच्या आडून सुटली आहेत. डावीकडे लाकडी गॅलऱ्यांची तीनमजली चाळ आणि तळमजल्यावर हॉटेल, हॉटेलच्या फळ्यावर आकडे पुसट आहेत, पण "न. पै." ही अक्षरे दिसतात. कडेला उभ्या असलेल्या मोटारीच्या क्रमांकाची सुरुवात "बी एम" अशी आहे. सावल्या लांब असून डावीकडून उजवीकडे पडलेल्या आहेत.

बोरीबंदराहून (आजच्या सीएसएमटीहून) काळबादेवीमार्गे पायधुणीला जाणारी घोड्यांची ट्राम १८७४ पासूनच होती, हे मला ठाऊक आहे. म्हणजे केवळ ट्राम दिसते म्हणून काळबादेवी बाद होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी पाने :

काळबादेवी निश्चितच नाही. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकाने आणि वर बिऱ्हाडे इतकी खेटून आहेत की गिरणीच्या भिंतीला तिथे जागाच नाही. मला हे भायखळा वाटते. तिथून ट्राम जात असे आणि गिरण्याही जवळच होत्या. तारखेबाबत मात्र काही ठामपणे सांगता येईल.

दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली, तेव्हा "न. पै." म्हणजे नवे पैसे हा हिशेब त्याआधीचा असूच शकत नाही. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरला गेली, ही दुसरी मर्यादा. म्हणजे छायाचित्र या सात वर्षांतले आहे. भिंतीवरची घोषणा पाहून पुष्कळ जण लगेच १ मे १९६० पूर्वीची तारीख देतील, कारण राज्य मिळाल्यावर "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असे कोण लिहील? तसा कल मीही देईन, पण दोन कारणांनी ती मर्यादा कडक मानणार नाही. एक म्हणजे दगडी भिंतीवरचा चुना पावसाळ्यांमागून पावसाळे टिकतो आणि गिरणीच्या बाहेरच्या अंगाला तो धुऊन काढण्याची कोणाला घाई नसते. दुसरे असे की सीमाप्रश्नासाठी बेळगाव, कारवार, निपाणी यांची नावे घालून हीच घोषणा १९६० नंतरही दिली जात होती, आणि आपल्या चित्रात घोषणेचा नेमका तोच सुरुवातीचा भाग ट्रामने झाकला आहे. मोटारीच्या "बी एम" वरून फार काही साधत नाही. नोंदणी मुंबई राज्याच्या काळातली आहे एवढेच कळते, गाडी पुढे कितीही वर्षे फिरलेली असू शकते.

नकाशावाला :

तारखेचा विचार नेमका झाला आहे, म्हणून मी स्थळाबद्दलच लिहितो. छायाचित्रावरून जागा शोधताना पाठीवरची नोंद शेवटी वाचावी, दुकानांच्या पाट्या त्याच्या आधी, आणि सर्वांत प्रथम ज्या गोष्टी जागच्या हलत नाहीत त्या मोजाव्यात, असा माझा शिरस्ता आहे. पाठीवरचे दोन शब्द आत्याबाईंनी किती वर्षांनी आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिले हे आपल्याला कळायला मार्ग नाही. रूळ, भिंत, छप्पर आणि सावली मात्र छायाचित्र घेतले त्या क्षणीच तिथे होती.

आधी रुंदी. मुंबईच्या विजेच्या ट्रामच्या दोन रुळांमधले अंतर ४ फूट साडेआठ इंच होते, म्हणजे या चित्रात एक मोजपट्टी आयतीच ठेवलेली आहे. ट्रामच्या पुढच्या चाकांपाशी एक आडवी रेघ घेऊन मी ते अंतर मोजले. त्याच रेघेवर चाळीच्या पायरीपासून गिरणीच्या भिंतीपर्यंतचे अंतर त्याच्या साधारण पंधरापट भरते, म्हणजे सत्तर फुटांच्या आसपास. या रुंदीनेच काळबादेवी बाद होते, गिरणीचा मुद्दा न काढताही.

आता दिशा. पाटीवरच्या "दर" या अक्षरांनी आपल्याला चांगलेच अडचणीत टाकले आहे, कारण "दादर" आणि "बोरीबंदर" या दोन्ही नावांचा शेवट तोच आहे आणि ही दोन स्थानके त्या मार्गाची दोन विरुद्ध टोके आहेत. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरून येणारी ट्राम चित्रात उजवीकडे दिसणे साहजिक आहे. अक्षरेही सुलटी वाचता येतात, तेव्हा निगेटिव्ह उलटी छापली गेल्याचा संशय नको. ट्राम दादरला निघाली असेल तर ती उत्तरेकडे येत आहे आणि कॅमेरा दक्षिणेकडे तोंड करून आहे. बोरीबंदरला निघाली असेल तर सगळे उलटे. सावल्यांवरूनही हे सुटत नाही, कारण कॅमेरा दक्षिणेकडे असेल तर उजवीकडे पडलेली सावली पश्चिमेची म्हणजे सकाळची, आणि उत्तरेकडे असेल तर तीच सावली पूर्वेची म्हणजे संध्याकाळची. दोन्ही शक्य आहेत. सावल्या रस्त्याला आडव्या आणि लांब आहेत म्हणजे रस्ता ढोबळमानाने दक्षिणोत्तर आहे, एवढेच त्यांतून हाती लागते. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणारा सँडहर्स्ट रोड वगळता येतो, जिकडे अशा चर्चांत नेहमी कोणीतरी बोट दाखवतेच.

हा तिढा गिरणीच्या छपराने सुटतो. आपण ज्याला करवतीचे दाते म्हटले आहे ते छप्पर विणकामाच्या शेडचे असते. त्या दात्यांची एक बाजू उतरती व बंद, आणि दुसरी उभी व काचांची असते. आपल्या गोलार्धात काचांची बाजू उत्तरेकडे ठेवण्याची पद्धत होती, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ एकसारखा राहतो, साच्यांवर म्हणजे मागांवर थेट ऊन पडत नाही आणि विणकराला तुटलेला धागा नीट दिसतो. चित्रात काचांच्या ओळी स्पष्ट दिसतात, म्हणजे छपराची उत्तरेकडची बाजू आपल्याकडे आहे. म्हणून कॅमेरा दक्षिणेकडे पाहत आहे, ट्राम दादरला निघाली आहे आणि वेळ सकाळची आहे. ज्या गिरणीकडे आपण पाहत आहोत ती रस्त्याच्या पश्चिमेला आहे.

भायखळ्याबद्दल मला अडचण अशी वाटते की रस्त्याला लागून एवढी सलग भिंत, भिंतीलगतच विणकामाची शेड आणि समोर चाळ, हा सगळा मेळ दादरच्या वाटेवर लालबाग आणि परळ यांच्या दरम्यान अधिक चांगला बसतो. भारतमाता चित्रपटगृह ज्या गिरणीच्या जमिनीवर उभे राहिले त्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक १ चा परिसर मी सर्वांत आधी तपासून पाहीन.

अजून एक निरीक्षण. दोन्ही रुळांच्या रेषा पट्टीने पुढे वाढवल्या की त्या जिथे एकमेकींना मिळतात ती कॅमेऱ्याच्या डोळ्याची उंची असते. इथे ती रेषा ट्रामच्या वरच्या मजल्याच्या खिडक्यांमधून जाते. म्हणजे छायाचित्र रस्त्यावर उभे राहून घेतलेले नाही. ते पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून घेतले आहे, आणि डावीकडची चाळ इतकी तिरकी व जवळ दिसते की गॅलरी त्याच बाजूची, पुढच्या एखाद्या इमारतीची असावी.

लालबागकर :

नकाशावाल्यांनी आमच्याच भागात आणून सोडले याचा आनंद आहे. गिरणीची भिंत आणि समोर चाळ ही जोडी आमच्याकडे इतकी सर्रास होती की केवळ तेवढ्यावरून नेमकी इमारत सांगणे धाडसाचे ठरेल. हॉटेलकडे मात्र पाहावे. बाहेर बाकडे आणि दारातच फळा, हे एकट्याने राहणाऱ्या कामगारांच्या गिऱ्हाइकीचे हॉटेल आहे. बिऱ्हाडे घेऊन राहणाऱ्यांच्या वस्तीत असा फळा दर्शनी लागत नसे.

प्रत्यक्ष जाऊन पडताळणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. २०११ मध्ये लालबागचा उड्डाणपूल झाला आणि त्याने या रस्त्याचे आकाशच झाकले. खाली उभे राहून छायाचित्र हातात धरले तर काहीही जुळणार नाही आणि आपण उगाच निराश व्हाल. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर कोणाच्या ओळखीने गॅलरीत उभे राहता आले तर समोरच्या इमारतींचे माथे आणि त्यांच्यामधल्या फटी ताडून पाहाव्यात. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, चिमण्या बहुतेक गेल्या, पण जुन्या चाळींपैकी ज्या अजून पुनर्विकासात गेलेल्या नाहीत त्यांच्या गॅलऱ्यांचे लाकडी कठडे ओळखू येतात. चित्रात कठड्याच्या उभ्या दांड्या मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना बारीक आहेत, आणि दर दोन खांबांमध्ये त्यांची संख्या सारखी आहे. ती मोजून न्यावी.

माळ्यावरची ट्रंक :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीचा मुद्दा वाचून मी वडिलांना विचारले. आजोबांचे धाकटे भाऊ परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि त्याच भागात चाळीत राहत असत, हे वडिलांना पक्के आठवते; चाळीचे नाव आठवत नाही. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, परंतु सणावाराला आजोबा त्यांच्याकडे जात आणि पेढीच्या मालकांचा कॅमेरा कधीमधी मागून नेत, असे वडील म्हणतात. काळबादेवीचा संबंध जर असलाच तर तो कॅमेऱ्याच्या मालकाशी असावा.

चुलत आजोबांच्या कुटुंबाकडे जुने रेशनकार्ड किंवा भाड्याच्या पावत्या आहेत का, हे विचारून ठेवले आहे.

नकाशावाला :

भाड्याच्या पावतीवर चाळीचे नाव आणि खोलीचा क्रमांक दोन्ही असतात, त्यामुळे रेशनकार्डापेक्षा ती अधिक उपयोगाची. नाव मिळाले की सिटी सर्व्हेच्या नकाशात ती जागा शोधून तिथून दक्षिणेकडे भिंत आणि चिमणी चित्रात आहेत तशाच कोनात येतात का, हे कागदावरच तपासता येईल. ट्रामच्या प्रकाराबद्दल कुतूहल असल्यास वडाळ्याच्या आणिक आगारातले बेस्टचे संग्रहालय पाहून यावे.

तोपर्यंत मूळ छायाचित्राच्या पाठीवर काही खोडू नये. आत्याबाईंची ओळ तशीच ठेवून तिच्याखाली मऊ पेन्सिलीने, दाब न देता, "बहुधा लालबाग-परळ, दक्षिणेकडे पाहताना, सकाळ, एप्रिल १९५७ ते मार्च १९६४" असे लिहावे आणि आजची तारीख घालावी. "बहुधा" हा शब्द पावती मिळेपर्यंत काढू नये.

जुनी पाने :

भायखळ्याचा आग्रह मी सोडतो. दिशेबाबत छपराचा पुरावा भक्कम आहे, आणि भिंत व चाळ यांचा मेळही लालबाग-परळलाच अधिक बसतो. स्कॅन पुन्हा करणार असाल तर ट्रामच्या मागच्या बाजूला भिंतीवर चिकटवलेला जो कागद दिसतो त्याचा तेवढा तुकडा जास्तीत जास्त सूक्ष्मतेने घ्यावा. ती चित्रपटाची जाहिरात असेल आणि नावातली चार अक्षरे जरी लागली, तरी सात वर्षांचा पल्ला काही आठवड्यांवर आणता येईल.