डेंग्यू दुसऱ्यांदा: ताप उतरला, पण हिमॅटोक्रिट चढतोय. मदत हवी आहे (नागपूर)

मानेवाडाकर
धाकट्या भावाचे रिपोर्ट देतो. वय ३४, वजन ६२ किलो. तापाच्या दुसऱ्या दिवशी एनएस-१ (डेंग्यू विषाणूच्या प्रथिनाची तपासणी) पॉझिटिव्ह, प्लेटलेट १ लाख ६८ हजार, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) ४१. आज पाचवा दिवस. ताप ९९ वर आला, प्लेटलेट ७४ हजार, हिमॅटोक्रिट ४७. अँटिबॉडींपैकी आयजीजी (जुन्या संसर्गानंतर टिकून राहणारी) पॉझिटिव्ह, आयजीएम (नव्या संसर्गात आधी बनणारी) निगेटिव्ह. सकाळपासून तीन उलट्या, पोट दुखतंय. २०१९ मध्ये डेंग्यू होऊन गेलाय.
ताप गेला म्हणून घरीच ठेवावं का? प्लेटलेटसाठी दाते शोधू का? आणि एकदा अँटिबॉडी तयार झाल्यावर हा पुन्हा होतोच कसा?

धंतोली_लॅब
भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी: घरी ठेवू नका, आजच भरती करा. डेंग्यूत धोक्याचे २४ ते ४८ तास ताप उतरताना सुरू होतात. हिमॅटोक्रिट ४१ चा ४७ म्हणजे जवळपास १५ टक्के वाढ. रक्त वाढलेलं नाही, रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून पोटात आणि छातीत झिरपतंय, म्हणून उरलेलं रक्त घट्ट झालंय. ४९ च्या पुढे गेला की वाढ २० टक्क्यांची होते, तोवर थांबू नका. सतत उलट्या आणि पोटदुखी ही दोन्ही धोक्याची लक्षणं आहेत.
निघेपर्यंत ओआरएस घोट घोट द्या. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन तर नकोच. घरात बीपीचं मशीन असेल तर आत्ता मोजून दोन्ही आकडे इथे लिहा.

प्रतिकार_अभ्यासक
पुन्हा कसा होतो ते सांगतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच्यापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून फार तर काही महिने. नंतर दुसरा प्रकार शिरला की जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. पांढऱ्या पेशींवर अँटिबॉडीचं शेपूट पकडणारे रिसेप्टर, म्हणजे आकड्यांसारखे रेणू, असतात. चिकटलेली जोडी ते आत ओढून घेतात, आणि विषाणूला वाढायला नेमक्या याच पेशी हव्या असतात. म्हणजे पहारेकऱ्यानेच चोराला दार उघडून द्यावं तसं.
विषाणू वाढला की टी पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) चवताळतात, सायटोकाईनचा, म्हणजे त्यांनी सोडलेल्या इशारा-रसायनांचा, लोंढा येतो आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल पडतं. विषाणूचं एनएस-१ प्रथिनही ते अस्तर खराब करतं. क्युबात १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, १९८१ मध्ये दुसऱ्याची. दुसऱ्या साथीत गंभीर झालेले बहुतेक रुग्ण पहिल्या प्रकाराला सामोरे गेलेले होते. आईकडून आलेल्या अँटिबॉडी अर्धवट उरल्या की ६ ते १२ महिन्यांच्या बाळालाही पहिल्याच डेंग्यूत हे होऊ शकतं.
तुमच्या रिपोर्टात आयजीजी इतक्या लवकर पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आहे. दुसऱ्या डेंग्यूत असंच दिसतं.

धंतोली_लॅब
दात्यांसाठी पळापळ नको. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवत नाहीत, आणि चढवल्याने झिरपणं थांबतही नाही. खरं औषध मोजून दिलेलं सलाईन. सुरुवातीला किलोमागे ताशी ५ ते ७ मिली, म्हणजे ६२ किलोला ताशी ३१० ते ४३४ मिली. एक-दोन तासांनी हिमॅटोक्रिट, नाडी, लघवी पाहून डॉक्टर वेग उतरवत नेतात. जास्तीचं सलाईनही घातक आहे, कारण दोन दिवसांनी झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं आणि फुप्फुसांत साचू शकतं. हिमॅटोक्रिट अचानक उतरला आणि नाडी जोरात चालली तर आत रक्तस्राव समजायचा, बरं वाटण्याचं लक्षण नव्हे.

मानेवाडाकर
बीपी १०४/८४. हात गार लागतायत. लघवी सकाळी ७ नंतर नाही.

धंतोली_लॅब
वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर २० वर आलंय, ही शॉकची सुरुवात आहे. वरचा आकडा १०४ दिसतो म्हणून फसू नका, तो शेवटी पडतो. दुचाकीवर बसवू नका, १०८ ला फोन लावा किंवा गाडीत आडवं झोपवून मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) न्या, जे जवळ पडेल तिथे. दारातच सांगा: डेंग्यू दुसऱ्यांदा, पाचवा दिवस, हिमॅटोक्रिट ४१ वरून ४७, बीपी १०४/८४, सकाळी ७ पासून लघवी नाही. दोन्ही दिवसांचे रिपोर्ट हातात ठेवा.