पाण्यावरच्या गिरण्यांची पाहणी: बेळगाव जिल्ह्यात करायची की पैसा तळ्यांना द्यायचा?

घटप्रभाकाठ
पावसाळ्यात गोकाकला ही गर्दी. ५२ मीटर कोसळणारं पाणी, झुलता पूल, फोटो, की परत. याच पाण्याच्या जोरावर १८८०च्या दशकात तिथं सूतगिरणी उभी राहिली, हे किती जणांना माहीत असतं? जिल्ह्यात पाण्यावर चाललेल्या यंत्रांची गावोगाव पाहणी व्हायला हवी. पाणी कुठून घेतलं, किती उंचीवरून पाडलं, चाक केवढं, सगळं मोजून लिहायचं. मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण सांगणारे दोन्हीकडचे आहेत. नेदरलँड्समध्ये पवनचक्क्या वाचवायला १९२३ सालीच संस्था निघाली. आपण निदान यादीला तरी हात घालूया.

खानापूरवाला
माझा विरोध आहे. आमच्याकडे पावसात ओढे फुटून वाहतात आणि एप्रिलात घागरी घेऊन फिरावं लागतं. तळी गाळानं भरलीत. असल्या वेळी गंजलेली चाकं मोजायला सरकारी पैसा मागायचा, हे मनाला पटत नाही.

घटप्रभाकाठ
अहो दादा, पैसा कुठं मागतोय? टेप, वही आणि मोबाइल एवढ्यावर सुरुवात होते.

पीठगिरणी निपाणी
खरं, नुसती मापं घेऊन काय उपयोग? मी रोज दळण करतो म्हणून सांगतो. दगडाला वेळेवर टाकी लावली नाही, म्हणजे छिन्नीनं खाचा पुन्हा धारदार केल्या नाहीत, तर पीठ तापतं, वास बदलतो, गिऱ्हाईक लगेच बोलतं. वरचा दगड उचलायचा, खाच कुठं बोथट झालीय ते बोटानं चाचपायचं आणि मध्यापासून कडेला टाकी मारत जायचं. असा हात असलेला पाथरवट आता शोधून सापडत नाही. नेदरलँड्सचंच घ्या. तिथल्या चक्की चालवणाऱ्यांच्या कसबाला युनेस्कोनं २०१७ साली मान दिला. आधी माणसं गाठा, त्यांचं काम व्हिडिओत घ्या. चाक नंतर मोजलं तरी चालतंय.

घटप्रभाकाठ
माणसं आधी, हे मान्य. पण चाक भंगारात गेलं तर मोजणार काय? दोन्ही एकाच फेरीत होऊ शकतं.

सौंदत्ती रोड
डोंगरावरच्या पवनचक्क्या धरायच्या का यात?

घटप्रभाकाठ
नको. त्या विजेच्या, अलीकडच्या.

खानापूरवाला
माझा मूळ मुद्दा तसाच राहिला. संभाजीनगरची पाणचक्की बघा. लांबून खापरी नळांनी पाणी आणलं म्हणून ती चक्की, नाहीतर नुसता दगड. आपल्याकडं घटप्रभेवरच्या धुपदाळ बंधाऱ्याला पाणी कालव्यात वळतं, उन्हाळ्यात गोकाकचा धबधबाच आटतो. पाण्याची वाट न बघता यंत्र जपणं मला अर्धवट वाटतं. पाट, बंधारे, सांडवे यांची पाहणी आधी ठेवा. त्यातून कुठली वाट बुजलीय ते कळेल, गाळ काढणाऱ्यांनाही उपयोग होईल. तसं ठरलं तर मलप्रभेकाठची गावं मी फिरतो. नुसत्या चाकांसाठी बोलावलंत तर मी येणार नाही.