गाडीत परवान्याचं पिस्तूल आहे म्हणून ट्रंक (डिकी) उघडून दाखवायची का?

काटेसावर (ह्यूस्टन)

परवा शिवनेरी_७६ यांनी लिहिलं, "पिस्तूल बाळगायची हौस आहे ना, मग पोलिसाने गाडी बघितली तर कुरकुर कसली? लपवण्यासारखं काही नसेल तर ट्रंक उघडायची आणि पुढे जायचं." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

टेक्सासमध्ये परवाना काढताना मी बोटांचे ठसे दिले, माझी पार्श्वभूमी तपासून झाली, रेंजवर प्रशिक्षकासमोर नेम धरून दाखवला. सप्टेंबर २०२१ पासून इथे परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, तरी मी परवाना चालू ठेवलाय. गाडी थांबवली की लायसन्ससोबत तोही हातात देतो, कारण परवानाधारकाने तसं करायचं असा राज्याचा कायदा आहे. जो माणूस आपणहून कार्ड काढून देतो, त्याच्यावर संशय घ्यायला तेच कार्ड कारण कसं होतं?

कनेटिकटमधल्या वॉटरबरीत २०१८ साली नेमकं हेच झालं. रस्त्याकडेला गाडी लावून एक जण फोनमधला अडकलेला जीपीएस चालू करत होता. पोलीस आला. त्या माणसाने लायसन्स दिलं, पिस्तुलाचा परवाना दिला, पिस्तूल दाराच्या कप्प्यात आहे हेही सांगितलं. त्याला बाहेर काढून बेड्या घातल्या, पोलिसांच्या गाडीत मागे बसवलं आणि गाडीची आतली बाजू, ट्रंक, सगळं उचकलं. २०२४ मध्ये सेकंड सर्किटच्या अपील कोर्टाने (कनेटिकटसह काही राज्यांसाठीचं फेडरल अपील कोर्ट) निकाल दिला की समोर परवाना असताना नुसतं पिस्तूल आहे एवढ्यावर हे करता येत नाही. त्या पोलिसाला क्वालिफाइड इम्युनिटीही, म्हणजे सरकारी कामातल्या कृतीबद्दल खटल्यापासून मिळणारं संरक्षणही, नाकारलं.

माझ्यावरही ही पाळी आलीय. ऑस्टिनहून परतताना मागचा दिवा गेला म्हणून थांबवलं. पोलिसाने पिस्तूल घेतलं, मॅगझिन वेगळं केलं, चेंबरमधली गोळी काढून टपावर ठेवली. त्याबद्दल तक्रार नाही. थांबवलंय तोवर सुरक्षेसाठी त्याला ते करता येतं आणि सोडताना परत द्यावं लागतं. मग म्हणाला, ट्रंक बघू का? मी म्हटलं, "ऑफिसर, झडतीला माझी संमती नाही." तिथून त्याचा सूरच बदलला. अमली पदार्थ हुंगणारं कुत्रं मागवतो म्हणाला. मागच्या सीटवर मुलगी रडायला लागली. शेवटी वॉर्निंग देऊन सोडलं. २०१५ च्या रॉड्रिगेझ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की चलनाचं काम आटोपल्यावर वाजवी संशय नसेल तर कुत्र्यासाठी सात-आठ मिनिटंसुद्धा अडकवून ठेवता येत नाही. हे माहीत नसतं तर मी घाबरून ट्रंक उघडली असती. आपल्यातले बहुतेक उघडतात.

शिवनेरी_७६ (न्यू जर्सी)

माझं वाक्य अर्धंच घेतलंत. मी पुढे ग्रीन कार्डाबद्दल लिहिलं होतं, ते सोडून दिलंत.

तुम्ही बहुधा सिटिझन आहात. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याने तर बंदूक हातात धरणंही फेडरल कायद्याने गुन्हा आहे, शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद वगळता. तुमच्या गाडीत असा मित्र बसलेला असताना तुम्ही रस्त्यावर घटनेचा वर्ग घेणार, आणि निस्तरायचं त्याने?

आणि कोर्टाचे निकाल मलाही वाचता येतात. २०१७ चा फोर्थ सर्किटचा रॉबिन्सन खटला बघा. वेस्ट व्हर्जिनियात सीटबेल्ट लावला नाही म्हणून गाडी थांबवली. आतल्या माणसाकडे भरलेलं पिस्तूल आहे अशी निनावी खबर होती. कोर्ट म्हणालं, सशस्त्र म्हणजे धोकादायक, परवाना असो वा नसो. व्हर्जिनिया, मेरीलँड, दोन्ही कॅरोलिना, सगळीकडे हाच निकाल लागू आहे. तिथे तुमचं वॉटरबरी चालत नाही.

काटेसावर

रॉबिन्सनमध्ये अंगझडती होती, ट्रंक नव्हती. आणि सिक्स्थ सर्किटने २०१५ मध्ये टोलेडोच्या खटल्यात याच्या उलट सांगितलंय. उघडपणे पिस्तूल लावून फिरणं जिथे कायदेशीर आहे, तिथे तेवढ्यावरून अडवता येत नाही. ग्रीन कार्डाचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे. ज्याला जास्त गमवायचंय त्याने तर संमती अजिबात देऊ नये. एकदा हो म्हटलं की जे सापडेल ते संमतीने सापडलेलं, वकीलही काही करू शकत नाही. आणि नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, हे सांगायला पोलीस बांधील नाही. ते १९७३ मध्येच ठरलंय.

खाकीघर (पुणे)

तुमची चर्चा तिकडची आहे, तरी राहवलं नाही. माझा भाऊ पोलिसात आहे. रात्रीच्या नाकाबंदीत काच खाली करायला सांगितली तर आतल्याने मांडीखालून गावठी कट्टा काढला. झटापटीत गोळी बोनेटला लागली म्हणून भाऊ आज आहे. आई त्यानंतर कित्येक महिने तो घरी येईपर्यंत झोपत नसे. तुम्हा लोकांना पोलिसाचा सूर बदललेला दिसतो. त्याच्या पोटात काय होतं ते दिसत नाही. अमेरिकेत तर प्रत्येक गाडीत बंदूक असू शकते. त्याने बघून घेतलं तर काय बिघडलं?

अनुस्वार (मिनियापोलिस)

खाकीघर, तुमच्या भावाबद्दल वाचून काळजात धस्स झालं. पण मी राहते तिथून फॅल्कन हाइट्स जवळ आहे. ६ जुलै २०१६ ला फिलँडो कॅस्टीलला तिथे थांबवलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघराचा सुपरवायझर, परवाना असलेला. त्याने पोलिसाला "सर" म्हणत शांतपणे सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे. काही सेकंदांत गोळ्या. शेजारी मैत्रीण, मागे तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी ज्यूरीने पोलिसाला निर्दोष सोडलं. मिनेसोटात विचारल्याशिवाय सांगायचं बंधनही नव्हतं, तरी त्याने सांगितलं.

त्यामुळे काटेसावर, हक्कांची यादी मलाही पाठ आहे, पण ती गोऱ्या शेजाऱ्याला जशी लागू पडते तशी सगळ्यांना पडत नाही. नवऱ्याने पिस्तूल घ्यायचं म्हटल्यावर मी नाही म्हणाले, ते याचमुळे.

राजापूरकर

इथे अमेरिकेच्या ट्रंकेवर एवढं चाललंय, आमच्याकडे तर बंदूकच घेऊन जातात! वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची एकनळी आहे, कितीतरी वर्षांपासून. निवडणूक लागली की पोलीस ठाण्याचा निरोप येतो, बंदूक जमा करा. २०२४ मध्ये लोकसभेला एकदा आणि विधानसभेला दुसऱ्यांदा. विधानसभा नोव्हेंबरात, म्हणजे ऐन भात कापणीच्या सुमारास. रानडुकरांनी एका रात्रीत खालचा मळा लोळवला. आम्ही डबे बडवत बसलो.

खाकीघर

निवडणुकीत शस्त्रं जमा करणं गरजेचंच आहे. गावागावांतली भांडणं तुम्हाला माहीत नाहीत का?

राजापूरकर

माहीत आहेत, म्हणून तर सांगतोय. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय की सरसकट जमा करून घेऊ नका, समितीने एकेक परवानाधारक तपासून ठरवावं. माझ्या ऐंशीच्या घरातल्या वडिलांवर एक अदखलपात्र गुन्हाही नाही. त्यांना कुठल्या समितीने तपासलं? काठी टेकत ठाण्याच्या पायऱ्या चढले आणि बंदूक देऊन आले. परत मिळाली तेव्हा दस्त्याला चीर होती. विचारलं तर म्हणे आधीचीच असेल. आता मी नळी, दस्ता आणि नंबराचे फोटो काढतो, पावतीवर "स्थिती चांगली" लिहून मागतो. लिहून देत नाहीत.

शिवनेरी_७६

हे मात्र चूक आहे. घेताना स्थिती लिहून द्यायलाच हवी. पण राजापूरकर, बघा, तुमच्याकडे शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ खाली शस्त्र घेऊन जाणाऱ्याला कोणताही पोलीस परवाना दाखवायला सांगू शकतो. तुम्ही दाखवता ना? मग?

राजापूरकर

परवाना दाखवतोच. परवाना दाखवणं वेगळं आणि परवाना दाखवूनही बंदूक घेऊन जाणं वेगळं. काटेसावर तेच म्हणतायत, माझ्या बापाच्या बाबतीतही तेच झालंय. आणि तुमच्याकडे बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा कोर्ट बाहेर फेकतं. आमच्याकडे सत्तरच्या दशकापासून झडती बेकायदा असली तरी पुरावा चालतो. मग पोलिसाने नियम कशाला पाळायचा?

खाकीघर

सगळे पोलीस तसे नसतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचं चित्रीकरण बंधनकारक केलंय, ते बरं झालं. भावाचंही तेच मत आहे, कारण खोटे आरोप त्याच्यावरही होतात. पण बोनेटमधलं ते भोक मी विसरणार नाही.

शिवनेरी_७६

काटेसावर, मूळ मुद्द्यावर येतो. सगळं आपणहून सांगावं म्हणता ना? २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक एकटी आई न्यू जर्सीत आली. पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता. पोलिसाने थांबवल्यावर तिने स्वतः सांगितलं की पिस्तूल आहे. तो परवाना इथे चालत नाही. किमान साडेतीन वर्षांची शिक्षा समोर उभी राहिली, आणि पुढे २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी माफी दिली म्हणून तिच्यावरचा डाग पुसला. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. मिशिगनमध्ये लगेच सांगावं लागतं, ओहायोत २०२२ पासून विचारलं तरच. टेक्सासचा शहाणपणा इथे आणू नका.

काटेसावर

राज्याबाहेर जाताना कायदा बघून निघावं, हे तुमचं बरोबर आहे. तेवढंच. ट्रंकेचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. १९८३ च्या मिशिगन विरुद्ध लाँग खटल्यापासून धोक्याचा वाजवी संशय असेल तर पोलिसाला हात पोचेल तेवढी आतली जागा बघता येते. तिथेही जमिनीवर शिकारीचा सुरा दिसला होता. ट्रंकेसाठी गुन्ह्याचा पुरावा तिथे आहे असं मानायला सबळ कारण लागतं. माझं पिस्तूल कायदेशीर, कार्ड त्याच्या हातात, गोळी टपावर. ट्रंकेत मुलीचं व्हायोलिन आणि किराणा होता. त्याने काय शोधायचं होतं?

शिवनेरी_७६

ते त्यालाच विचारा. न्यू जर्सीतून जाणार असाल तर पिस्तूल रिकामं करा, गोळ्या वेगळ्या ठेवा, दोन्ही कुलूप लावून ट्रंकेत टाका. १९८६ च्या फेडरल कायद्याने तेवढीच वाट ठेवलीय, तीही निघता तिथे आणि पोचता तिथे बाळगणं कायदेशीर असेल तरच. आणि गाडीत एच-वन-बी वाला मित्र असेल तर पिस्तूल घरी ठेवा. बाकी तुमचं मला पटलेलं नाही.

अनुस्वार

राजापूरकर, त्या चिरेचं पुढे काय झालं? लेखी तक्रार दिलीत का?

राजापूरकर

दिली. पोच मिळाली, उत्तर नाही. वडील म्हणतात सोड. मी सोडणार नाही.