मदत हवी आहे: आईला दोन दिवस ओट्यापासून लांब ठेवायचंय. कोल्हापूरला अकरा जणांची सोय कशी करावी?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी आम्ही भावंडं आईला घेऊन कोल्हापूरला जायचं म्हणतोय. शुक्रवारी रात्री पोहोचायचं आणि रविवारी दुपारी जेवून परत फिरायचं. मोठी माणसं सात, मुलं चार. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सपाटीवर हळूहळू चालते, पायऱ्यांना मात्र आधार लागतो. कोल्हापूरकरांचा सल्ला हवा आहेच, शिवाय वयस्कर माणसांना घेऊन तिथे कुणी जाऊन आलं असेल तर त्यांनीही सांगा.

का जायचंय ते आधी सांगते. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही चिंचवडला दादाकडे जमतोच, आई तिथेच असते. वहिनी आणि मी कितीही कंबर कसली तरी पोळ्या आईच करणार. नातवंडांना तव्यावरून थेट ताटात पडलेली पोळी हवी असते आणि तिलाही तशीच वाढायची असते. ‘तुम्ही सुरू करा, मी आलेच.’ ती ताट घेऊन बसते तोवर आमचे हात वाळलेले असतात, दादा आडवा झालेला असतो आणि ज्यावरून इतका वेळ घर हसत होतं तो विषय संपलेला असतो. मग ती विचारते, ‘काय गं, कशाला हसत होता?’ आता ते पुन्हा सांगून काय मजा येणार! हे मला फार लागतं. सगळे तिच्यासाठी जमतात आणि गप्पांत तीच नसते.

पुण्यात बाहेर जेवायला जाऊन पाहिलं. रविवारी मागे माणसं टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभी असतात, त्यात काय निवांत बसणार? भाऊजींनी महाबळेश्वर सुचवलं होतं. पण तिथे आम्ही पॉइंट बघत फिरणार आणि आई खोलीत किंवा गाडीत बसून राहणार. कोल्हापूर हे आईचं माहेर, शिवाजी पेठेतलं. ते घर आता नाही, पण अंबाबाई आहे, रंकाळा आहे. तिथे तिला काही ‘दाखवायला’ लागणार नाही, उलट तीच आम्हाला सांगेल.

आता अडचणी.

मुक्कामाचं काही ठरत नाहीये. दादाला स्वयंपाकघरासकट अख्खा बंगला हवाय, म्हणजे रात्री दिवाणखान्यात सगळ्यांना एकत्र बसता येईल. माझी भीती एवढीच की गॅस दिसला की आई पहाटे उठून चहा टाकणार, त्यामागून पोहे येणार आणि आमचं चिंचवडच होणार. हॉटेलात हा प्रश्न नाही, पण अकरा माणसं चार खोल्यांत विखुरतात. तळमजला किंवा लिफ्ट, कमोड आणि सगळ्यांना बसायला एक मोठी जागा, एवढं असलं तरी पुरे. साधारण कुठल्या भागात बघावं?

दर्शन शुक्रवारी नको, हे कळतंय. नोव्हेंबरमधला किरणोत्सव (९ ते ११) आणि त्याची गर्दी टळावी म्हणूनच डिसेंबर धरलाय. शनिवारी पहाटे गेलो तर आईला किती वेळ उभं राहावं लागेल? गाडी कुठपर्यंत जाते?

शनिवारी दुपारनंतर काय करावं यावर घरात दोन तट आहेत. मुलांना पन्हाळा हवाय. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे हे शाळेत सांगितल्यापासून त्यांनी धोशा लावलाय. ताईला खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघायचंय. स्वर्गमंडपाचं ते वरून उघडं वर्तुळ तिने फोटोत पाहिलंय, आणि वाटेत नृसिंहवाडीही होईल म्हणते. दोन्ही करायचं म्हटलं तर आईचा दिवस गाडीतच जाईल, असं मला वाटतं.

जेवणाचं सांगायचं तर आई शनिवारी मांसाहार करत नाही, त्यामुळे तांबडा-पांढरा रविवारीच. अकरा जणांना एका टेबलावर बसू देतील आणि घाई करणार नाहीत, अशी जागा हवी. चव थोडी उणी असली तरी चालेल.

प्रवासाला सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतोय. महामार्गावर रुंदीकरणाच्या कामामुळे गाडी रखडते असं ऐकलंय. त्यापेक्षा रेल्वे बरी का?

प्रतिसाद

ताई, मी कोल्हापूरचाच आहे, आईंचीच पेठ. त्यांना आमचा नमस्कार सांगा.

बंगला घ्याच. फक्त चहा-नाश्ता करून देणारी बाई असेल असा बघा आणि तसं आधी बोलून घ्या. स्वयंपाकघर दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असलं की आई पाहुण्यासारख्या बसतील. ताराबाई पार्क, नागाळा पार्क शांत आहेत. पण आईंसाठी मी रंकाळ्याच्या बाजूला बघेन, संध्याकाळी चालत बाहेर पडता येतं. बाकावर बसायचं, भेळ मागवायची, समोर पाणी. तिथून कुणाला उठायची घाई नसते.

देवळापाशी ट्रॅव्हलर नेऊ नका. बिंदू चौकात गाडी लावा आणि आईंना रिक्षाने पुढे न्या. पहाटे गर्दी बेताची असते. गाभाऱ्याजवळची रांग लांब दिसली तर मुखदर्शन घ्या, पाय वाचतात. फरशी थंड असते, पायमोजे असू द्यात. दर्शन झाल्यावर आईंना गुजरीत न्या. कोल्हापुरी साज नुसता बघायचा म्हटलं तरी तासभर सहज जातो. तोवर मुलांना भवानी मंडप आणि खासबाग मैदान दाखवा. शाहू महाराजांनी बांधलेला कुस्तीचा आखाडा आहे, १९१२ मध्ये पुरा झाला.

दोघांतलं एकच म्हणाल तर पन्हाळा. वीस-बावीस किलोमीटर, आणि गाडी थेट वर जाते. सज्जा कोठीपाशी वारा असतो, शाल घ्या. वर झुणका-भाकर आणि दही मिळतं, शनिवारला तेच बरं. खिद्रापूरला जाऊन-येऊन वाडीसकट अख्खा दिवस लागतो. ते मंदिर घाईत बघण्यासारखं नाहीच. ताईंना म्हणावं, त्यासाठी वेगळ्या या. जोतिबाला यावेळी नको, पायऱ्या फार आहेत.

मुलांना अंधार पडल्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या. म्हशीची धार समोर काढतात आणि फेसाळ दूध तिथल्या तिथे पेल्यात देतात. पोरं कट्ट्यावरून हलत नाहीत.

रविवारी जेवायला बाराच्या आत बसा. एकनंतर तुम्हाला पुण्यासारखंच वाटेल. पोरांना आधी पांढरा रस्सा द्या, तो सौम्य असतो. आणि रेल्वेचं म्हणाल तर आईंना रात्रीच्या गाडीत झोप लागत असेल तरच महालक्ष्मी एक्स्प्रेस. नाहीतर ट्रॅव्हलरच बरी, शुक्रवारी दुपारी लवकर निघा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. चहा करणाऱ्या बाईंचं कुणालाच सुचलं नव्हतं. वहिनीने वाचलं आणि लगेच म्हणाली, हेच करायचं. ताईशी बोलले. खिद्रापूर आम्ही दोघी वेगळं करू, फेब्रुवारीत. बंगला रंकाळ्याकडेच शोधतो.

आईला तुमचा नमस्कार सांगितला. तिने लगेच तुमचं आडनाव विचारलं, मग गल्ली विचारली. इथे लिहायचं नसेल तर निरोपातून कळवा, ती रोज विचारणार आहे.

अजून एकच. डिसेंबरात गुऱ्हाळं सुरू असतील ना? गरम काकवी आणि ताजा गूळ मुलांनी कधीच खाल्लेला नाही. आईला गाडीतून उतरून खुर्ची टाकून बसता येईल आणि मुलांना काहिलीपासून लांब उभं राहून बघता येईल, असं शहराजवळचं गुऱ्हाळ कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा. फोन नंबर धाग्यावर न टाकता मला निरोप पाठवा. जाण्याआधी मी स्वतः त्यांच्याशी बोलून वेळ ठरवेन.