मदत हवी आहे: 'पहिल्या धारेची' आणि अल्कोहोलमीटरचं कोडं

राम राम मंडळी. मी शहाद्याचा. आधीच सांगतो, घरी भट्टी लावायची नाहीये. 1949 चा दारूबंदी कायदा माहीत आहे. पण परवान्याच्या डिस्टिलरीत नोकरीसाठी मुलाखत आहे आणि डोक्यात गोंधळ.

आमचे आबा म्हणायचे, "पहिली धारनी मजाच न्यारी शे!" मोहाच्या दारूबद्दल. पुस्तक मात्र सांगतं की दारू गाळताना सुरुवातीला येणारा भाग वेगळा काढून टाकायचा: त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड, एथिल अ‍ॅसिटेट, नेलपॉलिशसारखा वास. मग मधला भाग ठेवायचा, शेवटचा कुबट वासाचा परत बाजूला. मेथॅनॉल 64.7 अंशांना उकळतं, एथॅनॉल 78.4 ला, हे पाठ आहे. पण मिश्रणात ते असं रांगेत उभं राहून येत नाही ना? मग कट, म्हणजे एक भाग संपवून पुढचा कधी धरायचा, तो नेमका कशावर ठरवतात: वास, तापमान की टक्केवारी? काडी लावून निळी ज्योत दिसली की दारू चांगली, हे तर मला फसवंच वाटतं, मेथॅनॉलचीही ज्योत निळसरच.

दुसरं, अल्कोहोलमीटर (द्रवात तरंगून अल्कोहोलची टक्केवारी दाखवणारी काचेची नळी) 20 अंशांवर जुळवलेला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 ला! गरम द्रवात आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो एवढं कळतं, दुरुस्तीचा तक्ता कसा वाचायचा ते नाही. आणि बाटलीवरचं 42.8 टक्के म्हणजे 75 अंश प्रूफ, हे 57.15 टक्के अल्कोहोलला 100 अंश प्रूफ धरून येतं ना?

ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा भो. मुलाखत सोमवारी आहे.