संकराचं रोप दिसलं की उपटायचं?

कुसळ
कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, "दुर्मिळ रानवनस्पतीजवळ संकराचं रोप दिसलं की मुळासकट काढा, नाहीतर मूळ प्रजाती बाटते." त्यावर भराभर माना डोलल्या, म्हणून हे सविस्तर.

हेलिअँथस अ‍ॅन्युअस आणि पेटिओलॅरिस या दोन रानसूर्यफुलांच्या संकरातून, माणसाचा हात न लागता, तीन नव्या प्रजाती झाल्या. अ‍ॅनोमॅलस वाळूच्या टेकड्यांवर, डेझर्टिकोला कोरड्या वाळवंटात, पॅराडॉक्सस खारट दलदलीत. तिघांतही गुणसूत्रं पालकांइतकीच, ३४. पालकांना न झेपणाऱ्या जागा त्यांनी धरल्या. पॅराडॉक्ससला तर अमेरिकेने १९९९ मध्ये संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. तुमचा नियम लावला असता तर ही पहिल्याच पिढीत खुरप्याखाली गेली असती.

माळरान
तो कालचा प्रतिसाद माझाच, आणि मी त्यावर ठाम आहे. सूर्यफुलाची गोष्ट हजारो वर्षांची आहे. दोन्ही पालक अमाप होते, चार रोपं गेली-आली तर बिघडत नव्हतं. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावरचं सर्कोकार्पस ट्रास्किये हे दुर्मिळ झाड घ्या. शुद्ध मोठी झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, शेजारी सर्कोकार्पस बेट्युलॉइडिस मुबलक. वाऱ्याने परागण, म्हणजे अडवायची सोय नाही. दुर्मिळ झाडाच्या ज्या बीजांडात परका पराग पोचला ते बी त्याच्या वंशाला मुकलं. तिथे संकर म्हणजे सरळ गिळंकृत होणं.

खोडवा
मूळ दुखणं वेगळंच आहे. कुठूनही बी आणून वृक्षारोपण करायचं आणि लांबच्या भावकीतली झाडं शेजारी नेऊन बसवायची. हे थांबवत नाही तोवर रोपं उपटून काय होणार? पराग दरवर्षी येतच राहणार.

परागवेडा
उपटा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, संकर ओळखता कशावरून? पान मधल्या आकाराचं दिसतं म्हणून? सावलीतल्या रोपाचं पानही तसंच दिसतं. निदान पराग तरी तपासा. उमलायच्या बेतात असलेली कळी घ्या. परागकोश काचपट्टीवर चिरडा, १ टक्का अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाका, दहा मिनिटं थांबा. गोल, भरलेले, लाल कण धडधाकट. सुरकुतलेले, बिनरंगी कण पोकळ. एका रोपाची तीन तरी फुलं घ्या आणि मिळून तीनशे कण मोजा. निम्म्याहून जास्त पोकळ निघाले तर संशय रास्त.

माळरान
मोजलं, पोकळ निघाले, म्हणजे संकर. मग उपटायला हरकत काय?

कुसळ
एवढ्यावर नाही! कळी तयार होताना कडक ऊन पडलं, पाणी तुटलं, तरी शुद्ध रोपाचे कण पोकळ निघतात. म्हणून त्याच दिवशी, त्याच उतारावरच्या खात्रीच्या शुद्ध रोपाची काचपट्टी शेजारी हवीच. ती नसेल तर तुमच्या आकड्याला अर्थ नाही.

परागवेडा
ते राहिलंच, मान्य. उलट बाजूही आहे. संकर पुन्हा पालकाशी जुळत गेला की दोन-तीन पिढ्यांत कण भरलेले दिसू लागतात. गुणसूत्रं दुप्पट झाली तर लगेचच. शिवाय रंग फक्त आतला जीवरस दाखवतो, कण रुजेल की नाही हे दाखवत नाही. त्यासाठी साखर आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात रुजवून नळी फुटते का ते बघायचं. काचपट्टी एकटी निकाल देत नाही, जनुकीय खुणा तपासाव्याच लागतात.

माळरान
म्हणजे तुमचीच चाचणी तुम्हीच मोडीत काढलीत! अहवाल येईपर्यंत फुलांचा हंगाम संपतो, तोवर पराग उडून गेलेला असतो. त्याचं काय?

कुसळ
कळ्या खुडा. रोप ठेवा, फक्त फुलू देऊ नका. खूण बांधा, एक पान ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वाळवून तपासणीला पाठवा. उपटलेलं रोप परत लावता येत नाही.

सेनेशिओ इबोरासेन्सिस हे रानरोप आठवा. इंग्लंडात यॉर्कमध्ये १९७९ मध्ये सापडलेलं, सेनेशिओ व्हल्गॅरिस आणि स्क्वालिडसच्या संकरातून झालेलं. तणनाशकांच्या फवाऱ्यात रानातून नाहीसं झालं. बियाणे पेढीत बी होतं म्हणून २०२३ मध्ये पुन्हा शहरात लावता आलं.

माळरान
आणि त्यातलं स्क्वालिडस तिथलं होतं का? सिसिलीच्या एटना ज्वालामुखीवरच्या दोन प्रजातींचा तोच मुळात संकर. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून निसटला, रेल्वेच्या खडीवरून देशभर पसरला. याला नैसर्गिक संकर म्हणता?

खोडवा
हेच तर मी मघापासून सांगतोय. माणसाने आणून ठेवलेला पालक.

कुसळ
पालक माणसाने आणला, संकर मात्र आपोआप झाला. आणि झालेली प्रजाती जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. तिला वाऱ्यावर सोडायचं होतं का?

माळरान
नाही. बी जपलं ते बरंच केलं, एवढं मानतो. पण शुद्ध झाडं पन्नासाच्या आत असतील तिथे मी वाट बघणार नाही. आसपासच्या सगळ्या संशयितांच्या कळ्या खुडायच्या, दर चार दिवसांनी फेरी, एकही सुटता कामा नये. शुद्ध झाडांना हाताने परागण करायचं, फुलावर मलमलीची पिशवी, पराग फक्त दुसऱ्या शुद्ध झाडाचा. अहवालात संकर ठरलं की मात्र उपटणार.

परागवेडा
पिशवी कळी मिटलेली असतानाच चढवा, फूल द्विलिंगी असेल तर पुंकेसर आधी काढा. आणि वाऱ्याने परागण होणाऱ्या झाडाला मलमल चालत नाही, बारीक पराग आरपार जातो. कागदी पिशवीच लागते.

माळरान
बरं, कागदी.